मोजलेले रविवार

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी बाई विद्यापीठात बिया मोजायची. "तुम्ही काय काम करता?" असं कोणी विचारलं की ती तेवढंच सांगे, "बिया मोजते." लोकांना वाटे, आपली थट्टा करते आहे. थट्टा करणाऱ्यांतली ती नव्हेच. तिच्या विभागात सगळे तिला मोजणीबाई म्हणत आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. स्वयंपाकी असतात, शिंपी असतात, तशी मी मोजणीबाई, असं म्हणायची.

माझ्या यजमानांना ती भाऊ मानायची, म्हणून मी तिची वहिनी. ती खाली आली की मी चिडवायची, "या वन्सं, माहेरपणाला आलात वाटतं?" ती दारातच उभी राहून हसायची आणि बसा म्हटल्याशिवाय बसायची नाही. हे पहिल्या वर्षीही तसंच होतं आणि तेहेतिसाव्या वर्षीही तसंच.

तिचं काम मी एकदा जाऊन पाहिलं आहे. विभागाचे प्रमुख, ज्यांना ती नुसतं 'सर' म्हणायची, जुन्या साठवलेल्या बियांचा अभ्यास करत. पाच वर्षं, दहा वर्षं डब्यात राहिलेलं बी किती दिवसांत रुजतं, हा त्यांचा विषय. काचेच्या झाकणाच्या बशीत ओला टीपकागद, त्यावर दहाच्या दहा ओळींत शंभर बिया. अशा बारा बशा एका उबेच्या कपाटात ठेवलेल्या. रोज सकाळी दहा वाजता ती एकेक बशी बाहेर काढी. कोंब फुटलेलं बी चिमट्याने उचलून बाजूला ठेवी, किती उचलली ते नोंदवहीत लिही आणि उरलेल्या बिया पुन्हा कपाटात. बारा बशांना सव्वा तास लागे. त्या खोलीला ओल्या कागदाचा आणि थोडा कुबट असा वास होता. तो तिच्या साडीलाही यायचा. मी पाहायला गेले त्या दिवशी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटची बशी आत गेल्यावर म्हणाली, "हं, आता बोला."

आता रविवारचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

रविवारी विभाग बंद. बिया काही सुट्टी घेत नाहीत, त्या रुजायच्या तेव्हा रुजतात. सोमवारी कपाट उघडलं की दोन दिवसांची रुजलेली एकत्र सापडत. ती नोकरीला लागली त्याच आठवड्यात सरांनी तिला रीत शिकवली: सोमवारी सापडतील त्यांतली अर्धी रविवारच्या रकान्यात लिहायची, अर्धी सोमवारच्या. विषम आकडा आला तर जास्तीचं एक सोमवारला. म्हणजे पस्तीस सापडली तर रविवारी सतरा, सोमवारी अठरा. बेरीज खरी, दिवस मात्र मनाचा. तिच्या आधीही असंच चालत होतं. कोणाला त्यात काही चुकतं आहे असं वाटलं नाही. दिवस अंदाजाने लिहिला आहे, हे छापून आलेल्या एकाही शोधनिबंधात लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा घरी तिची आई होती. आईला कमी ऐकू यायचं, पण तोंड भलतं तिखट. मुलीचं लग्न झालं नाही याचं दुःख ती विनोदात घालवायची. मला म्हणायची, "हिला नवरा कसा मिळणार गं? शंभर जण बशीत मांडेल, रोज दहाला मोजेल, आणि सोमवारपर्यंत ज्याला कोंब फुटला नाही त्याला टाकून देईल." मुलगी शेजारीच भाजी निवडत बसलेली असायची. मान वर न करता म्हणायची, "सोमवारपर्यंत नाही गं आई, एकवीस दिवस थांबतो आम्ही." रविवार त्यांच्याकडे आईचा असे. आईचं न्हाणं, तिची नखं कापणं, दुपारी आईला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवणं. ते वाचन आम्हाला खाली सगळं ऐकू यायचं. आमचे हे म्हणायचे, "आपलं वर्तमानपत्र बंद करू या, फुकट मिळतंय."

एका नोव्हेंबरात आई गेली. बुधवार होता. गावाहून तिचा सख्खा भाऊ आला, आठवडाभर राहिला आणि गेला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी साडेनऊला मी तिला जिन्यातून उतरताना पाहिलं. रोजची पिशवी, रोजच्या चपला.

"आज कुठे? आज रविवार आहे."

"बिया मोजायला."

"बोलावलंय?"

"नाही."

मी पुढे काही विचारलं नाही. जिन्यात उभं राहून विचारायच्या गोष्टी नसतात काही. पण त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती साडेनऊला उतरू लागली आणि बाराच्या सुमारास परत येऊ लागली. रोज सकाळी प्रयोगशाळा तीच उघडायची, त्यामुळे मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे असायची. रविवारी पहारेकरी पुढच्या फाटकावर असे, मागे कोणी नसे. ती जायची, बारा बशा मोजायची आणि खरा आकडा रविवारच्या रकान्यात लिहून यायची. विभागात कोणाला सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगितलं असतं तर म्हणाले असते, घरी कोणी नाही म्हणून येते."

"मग खोटं काय त्यात?"

"खोटं नाही म्हणूनच."

अकरा वर्षं हे चाललं. अकरा वर्षांत सरांच्या ते लक्षात आलं नाही. नोंदवहीत रविवारचा आकडा सोमवारच्या बरोबरीने येईनासा झाला, कधी रविवारी तेवीस आणि सोमवारी नऊ, कधी रविवारी दोनच, हे ज्यांनी त्या वहीवरून निबंध लिहिले त्यांनी पाहिलं नाही. आकडे त्यांच्यापर्यंत पोचत होते, वही पोचत नव्हती. मधल्या काळात आमचे हे गेले. मग रविवारी परत येताना ती माझ्या दारात थांबू लागली. फार बोलणं होत नसे. "झालं?" "झालं." "बस." "नको, हात धुवायचेत." तेवढंच.

ती निवृत्त व्हायला पाच महिने उरले होते तेव्हा विद्यापीठाने बाहेरून एक समिती बोलावली. दुसऱ्याच एका विभागात कोणीतरी दुसऱ्याचं लिखाण उचलून छापल्याचं उघडकीला आलं होतं, वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला होता. त्यामुळे ठरलं की सगळ्याच विभागांचं संशोधन आणि छपाईची पद्धत तपासायची. गेल्या वीस वर्षांचे निबंध मांडा, त्यामागच्या मूळ नोंदवह्या मांडा, कोणाचं नाव का घातलं ते सांगा. समितीत तिघं होते: एक वयस्कर अध्यक्षीणबाई, एक कायद्याचे गृहस्थ आणि एक तरुण गणिती बाई. बियांच्या विभागाच्या वह्या या गणिती बाईंच्या वाट्याला आल्या.

तीन आठवड्यांत त्यांनी विचारणा केली. रविवार आणि सोमवारचे आकडे समान तरी कसे येतात, नाहीतर सोमवारी बरोबर एक जास्त? एका बशीत नाही, बाराच्या बारा बशांत. एका आठवड्यात नाही, वर्षानुवर्षं? सरांचे निबंध बी किती वेगाने रुजतं यावर होते. दिवसच मनाचा असेल तर वेग कुठून आला?

त्या शनिवारी दुपारी सर तिच्या घरी आले. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा. जिना चढून आल्यावर त्यांना धाप लागली होती. मी तिच्याकडेच होते. मी उठायला लागले तर ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही बसा." सरांना ते आवडलं नसावं. त्यांनी पाणी पिऊन पिशवीतून टाइप केलेला कागद काढला.

"बाई, साधा कागद आहे. वाचा आणि सही करा."

तिने चष्मा लावून वाचला. मग माझ्याकडे दिला. लिहिलं होतं की रविवारच्या सर्व नोंदी मी माझ्या मनाने, कोणालाही न विचारता, सोमवारच्या आकड्यावरून भरल्या आहेत. विभागप्रमुखांना याची कल्पना नव्हती.

"तुम्हाला काही होणार नाही," सर म्हणाले. "चार महिने राहिलेत. तुम्हाला कोण काय करणार? माझे मात्र पाच विद्यार्थी अधांतरी लटकतील. चूक झाली, कर्मचाऱ्याकडून झाली, आम्ही दुरुस्त करतो, एवढं म्हटलं की विषय मिटतो."

"माझ्या मनाने, हे चालेल सर," ती म्हणाली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. "पण 'सर्व' नाही चालणार."

"सर्व म्हणजे सर्व. त्यात काय?"

"सगळे रविवार तसे नाहीत. शेवटची अकरा वर्षं मी येत होते."

"कुठे?"

"प्रयोगशाळेत. रविवारी. मोजायला."

सर हसले. वाईट हसले असं नाही, लहान मुलाने काही सांगितलं की हसतात तसं. "रविवारी? कशाला?"

तिने पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"आणि मला कसं माहीत नाही मग?"

"तुम्ही सोमवारी यायचात, सर."

सरांनी कागदाची कडा सरळ केली. मग त्यांचा आवाज बदलला. "हे बघा बाई. आता हे नवीन काढू नका. रविवारची हजेरी नाही, पहारेकऱ्याने पाहिलं नाही, कोणाला तुम्ही सांगितलं नाही. लोक म्हणतील, अंगाशी आलं तेव्हा सुचलं. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? आणि एकदा तुम्ही बोलायला लागलात की पुढचा प्रश्न मी विचारणार नाही, ते विचारणार आहेत. ही रीत कोणी शिकवली, असं विचारतील."

"हो, विचारतील," ती म्हणाली.

"मंगळवारी समितीसमोर बोलावलंय तुम्हाला. तोपर्यंत सही करून ठेवा." कागद टेबलावर ठेवून ते उठले. दारात थांबून मला म्हणाले, "तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही समजवा."

मी समजवायला गेले, हे लपवत नाही. म्हटलं, "अगं, सुक्याबरोबर ओलं जळतंच. तुझं नाव कोण लक्षात ठेवणार आहे? निवृत्तिवेतन मिळतंय, चार लोक निरोपाला येतील, कशाला वाकडं घेतेस?"

ती म्हणाली, "वहिनी, दोष माझ्यावर घ्यायला माझी ना नाही. मीच लिहिलेत ते आकडे. पण 'सर्व' वर सही केली तर मी त्या रविवारी कुठे होते?"

मी उठून खाली आले.

संध्याकाळी ती खाली आली. दारात उभी राहिली. म्हणाली, "तुमच्या डायरीत असेल का? मी कुठल्या रविवारपासून जायला लागले ते?"

माझ्या डायऱ्या कपाटाच्या खालच्या खणात वर्षवार लावलेल्या आहेत. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या की ज्या दिवसाचं त्या दिवशीच लिहावं, दुसऱ्या दिवशी आठवतं ते आपल्या सोयीचं असतं. मी ती सवय सोडली नाही. त्या वर्षाची डायरी काढली.

"दहा नोव्हेंबर असणार," ती म्हणाली. "आई सहाला गेली, त्यानंतरचा पहिलाच रविवार. मला पक्कं आठवतंय, घरात बसवेना."

दहा नोव्हेंबरला मी लिहिलं होतं: वरती भाऊ आहे. दुपारी दोघं खाली जेवली. ती काहीच खात नाही.

पुढच्या रविवारी, सतरा नोव्हेंबरला: साडेनऊला ती विद्यापीठात गेली. म्हणाली, बिया मोजायला. रविवार असून.

"सतरा," मी म्हटलं.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मला पक्कं दहा आठवत होतं," म्हणाली, आणि हातातल्या कागदावर दहा खोडून सतरा लिहिलं.

मग ती म्हणाली की पुढच्याही डायऱ्या पाहू या, नाहीतर असंच आणखी काही निघेल. आम्ही पानं उलटत बसलो. जिथे जिथे मी तिचं जाणं लिहिलं होतं तिथे ती मान हलवी. सगळेच रविवार मी काही लिहिले नव्हते. ज्यात रोज तेच घडतं ते माणूस लिहीत नाही. सहाव्या वर्षात तेरा एप्रिलचं पान आलं. रविवार. माझ्या अक्षरात लिहिलं होतं: तिला एकशे तीन ताप. दिवसभर माझ्याकडेच झोपवली. रात्री जरा उतरला.

मी पान उलटलं.

दोन पानं पुढे गेले. ती माझ्या शेजारी बसली होती, चष्मा कपाळावर, डोळे दमलेले. तिने ते पान वाचलं नव्हतं. सोमवारी तिला तापातच कामावर जाताना मी पाहिलं होतं. तिने त्या दिवशी काय लिहिलं असेल ते मला कळत होतं, आणि हेही कळत होतं की ही गोष्ट माझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मी परत मागे गेले आणि पान तिच्यासमोर धरलं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं.

"मी गेले होते ना?"

"नाही गं. इथे होतीस. त्या खाटेवर."

"सोमवारी अर्धे केले असणार मी. तापात हात आपला जुन्या वाटेने गेला असणार."

"एकच तर आहे," मी म्हटलं. "अकरा वर्षांत एक. कोण बघणार आहे?"

"सरांच्या कागदावर 'सर्व' आहे म्हणून मी सही करत नाही," ती म्हणाली. "मग माझ्या कागदावर 'सर्व' कसं लिहू?"

ती वर गेली. मंगळवारी सकाळी तिने माझ्याकडून त्या दोन डायऱ्या मागून नेल्या, पण समितीने त्या उघडल्या नाहीत. खाजगी डायरी पुरावा म्हणून घेता येत नाही, असं कायद्याच्या गृहस्थांनी सांगितलं. त्यामुळे तिथे फक्त तिचा कागद होता आणि ती होती. आत काय झालं ते तिने मला त्याच दिवशी सांगितलं आणि मी त्याच दिवशी लिहून ठेवलं.

तिच्या कागदावर चार ओळी होत्या. सतरा नोव्हेंबरच्या आधीचे सगळे रविवार मी सोमवारवरून भरले. त्या तारखेपासून पुढे दर रविवारी मी स्वतः येऊन मोजलं. सहाव्या वर्षातला तेरा एप्रिल हा एक रविवार सोडून. त्या दिवशी मी आजारी होते आणि तोही आकडा सोमवारवरून भरला आहे.

गणिती बाईंना सर्दी झाली होती, त्या सारख्या नाक पुसत होत्या. कागद वाचला आणि रुमाल तसाच हातात धरून म्हणाल्या, "तेरा एप्रिल?"

"हो."

त्यांनी त्यांचा संगणक फिरवून अध्यक्षीणबाईंना दाखवला. "अकरा वर्षांत एकाच रविवारी बाराच्या बारा बशांत अर्धेअर्धे येतात. मी त्याला लाल खूण करून ठेवली होती. बाकीचे खरे वाटतात आणि हा एकच का असा, हे मला कळत नव्हतं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला कसं आठवलं?"

"मला नाही आठवलं. शेजारच्या वहिनींनी लिहून ठेवलं होतं."

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, "रविवारी यायचे जादा पैसे मिळायचे का?"

"नाही."

"कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का यायचात?"

ती म्हणाली, "घरी कोणी नव्हतं."

कोपऱ्यात बसलेल्या टंकलेखकाने ते टाइप केलं. ती मला म्हणाली, "वहिनी, त्या यंत्राचा आवाज किती होतो. तीन शब्दांना केवढा आवाज."

मग पुढचा प्रश्न आला, सरांनी सांगितला होता तोच. रविवार असा भरायचा हे कोणी शिकवलं?

सर बाहेर बाकावर बसले होते. दाराला काच होती, त्यातून त्यांची पाठ दिसत होती. ती म्हणाली, "सरांनी. मी कधी विचारलं नाही का म्हणून. विचारायला हवं होतं."

बाहेर आली तेव्हा बाक रिकामा होता.

निकाल लागायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत विभागात तिच्याशी कोणी बोललं नाही. कोणी भांडलं नाही, टाकून बोललं नाही. फक्त ती खोलीत आली की बोलणं थांबे. सकाळी चहा यायचा तेव्हा तिचा कप आणायला विसरत. दुसऱ्या आठवड्यापासून ती घरूनच थर्मास घेऊन जाऊ लागली. ज्या विद्यार्थ्यांच्या बिया तिने मोजल्या होत्या त्यांतली एक मुलगी, आता स्वतः प्राध्यापिका झालेली, तिला जिन्यात म्हणाली, "बाई, तुम्ही खरं बोललात, पण आमचा विचार केला नाहीत." हे ती मला सांगत होती तेव्हा रागावलेली नव्हती. "बरोबर आहे तिचं," म्हणाली. "मी तिचा विचार केला नव्हता."

मी म्हटलं, "हिच्या निबंधाचे रविवार कुठल्या वर्षीचे?"

"नंतरचे. खरे. तिचं काही जाणार नाही."

"मग तिला सांगितलंस का?"

"तिने विचारलं नाही."

समितीने आधीच्या काळातले सरांचे नऊ निबंध मागे घ्यायला लावले. नंतरचे राहिले, एका दुरुस्तीसह. सरांचं प्रमुखपद गेलं. ते मुदतीच्या वर्षभर आधीच निवृत्त झाले. मोजणीबाईला लेखी ताकीद मिळाली, आकडे भरल्याबद्दल. ती तिने फाइलला लावली. तिचा शेवटचा दिवस महिनाअखेरीला होता. निरोपसमारंभ झाला नाही. कार्यालयात जाऊन तिने किल्ली दिली, पावती घेतली आणि नेहमीच्या वेळी घरी आली.

अहवाल विद्यापीठाच्या ग्रंथालयात लोकांना पाहायला ठेवला होता. मी जाऊन पाहिला. जाड आहे. बियांच्या विभागाची चौदा पानं. शेवटी परिशिष्टात एक तक्ता आहे, त्याखाली लिहिलं आहे की सतरा नोव्हेंबरपासून पुढे रविवारच्या पाचशे बहात्तर नोंदी तपासल्या, त्यांतली एक वगळता पाचशे एकाहत्तर ग्राह्य. तिचं नाव नाही. 'प्रयोगशाळा सहायक' असं आहे. मी तिला म्हटलं, चल, तुला दाखवते. ती म्हणाली, "कशाला? मला माहीत आहेत."

रविवारी ती आता घरीच असते. पहिल्या काही रविवारी साडेनऊला तिच्या चपलांचा आवाज यायचा, दारापर्यंत जाऊन परत फिरणारा. मग तोही थांबला. मी वर जाते कधीकधी. आम्ही दोघी बसतो. दोन म्हाताऱ्या एका खोलीत बसल्या म्हणजे एकटेपण निम्मं होतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. पण चहा दोन कप करावा लागतो, तेवढा वेळ जातो.

गेल्या हिवाळ्यात ती डोळे तपासायला दवाखान्यात गेली होती. नंबर लावून बाकावर बसली तर शेजारी सर. वाळले होते, एका डोळ्यावर पट्टी. दोघांच्या मध्ये एकच माणूस मावेल एवढी जागा. अर्धा तास दोघं तसेच बसून होते. तिने नमस्कार केला नाही, कारण त्यांना आवडेल की नाही ते तिला कळेना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. कदाचित पट्टी त्याच बाजूच्या डोळ्यावर होती.

त्यांचा नंबर पुकारला. ते बाकाला धरून उठले आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "थंडीतसुद्धा यायचात?"

"हो, सर."

"खोलीत शेगडी नव्हती."

"कपाटाला पाठ लावून उभी राहायची. ते उबदार असायचं."

सर तिथेच उभे राहिले. आतून पुन्हा नाव पुकारलं.

"मला सांगायचंत," ते म्हणाले. "मीही आलो असतो एखाद्या रविवारी. घरी मलाही फारसं काही नसायचं."

आणि ते आत गेले. ती तिचा नंबर येईपर्यंत बसून राहिली. घरी येऊन तिने मला हे सांगितलं, माझ्या दारातच उभं राहून, आणि मी बस म्हणायला विसरले.